अर्ध्या पॉइंटाची गोष्ट

गोल्फ आणि मी यांचा संबंध तसा कधीच नव्हता. आमच्या डहाणूत चिकूच्या वाड्या आहेत, समुद्र आहे, थर्मल पॉवर स्टेशन आहे, पण गोल्फ म्हटलं की आमच्याकडे बहुतेकांना स्वेटरवरचं चित्र आठवतं. तरी गेल्या सप्टेंबरात, नवरात्रात घरी गेलेलो असताना, मी या खेळापायी रात्रभर जागा राहिलो आणि साडेपाच हजार रुपये घालवून बसलो. त्याचीच ही गोष्ट. (आमच्या मॅनेजरने हे वाचू नये ही इच्छा आहे, पण तो मराठी वाचत नाही. असो.)

तर झालं असं. आमचा क्लायंट अमेरिकेतला. तिकडे ऑनसाईट बसलेल्या आमच्या एका मित्राने एक एक्सेल शीट पाठवली. विषय: रायडर कप. २६ ते २८ सप्टेंबर २०२५, न्यूयॉर्क राज्यातल्या बेथपेज ब्लॅक या मैदानावर अमेरिका विरुद्ध युरोप. प्रत्येकी पाचशे रुपये, शेवटचा स्कोअर ओळखायचा, जो सगळ्यात जवळ जाईल त्याला सगळे पैसे. आम्ही चौदा जण, म्हणजे सात हजार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सॅम्युएल रायडर नावाचा एक इंग्रज बियाण्यांचा व्यापारी होता, एका पेनीला बियाण्यांचं पाकीट विकून श्रीमंत झालेला. त्याच्या नावाची ही स्पर्धा १९२७ पासून चालू आहे. एकूण २८ पॉइंट. शुक्रवार-शनिवारी जोड्यांचे १६ सामने, रविवारी एकास एक असे १२. जिंकला तर एक पॉइंट, बरोबरी झाली तर दोघांना अर्धा अर्धा. हा 'अर्धा' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी इंजिनियर माणूस. दोन संध्याकाळी जुने निकाल चाळले आणि लिहिलं: युरोप १५.५, अमेरिका १२.५. आमच्या टेस्टिंगमधल्या मुलीने १५–१३ लिहिलं. का, तर तिचा डेस्क नंबर १५. मी हसलो.

रविवारी सकाळी डहाणूला उठून बघतो तो काय, दोन दिवसांनंतर युरोप ११.५, अमेरिका ४.५! सात पॉइंटांची आघाडी. झालं, माझा आकडा बोंबलला, युरोप त्याच्या फार पुढे जाणार. मग गप्प बसावं की नाही? पण नाही. मी परत निकाल काढले. शेवटच्या दिवशी भरून निघालेली सगळ्यात मोठी पिछाडी होती चार पॉइंटांची, १९९९ मध्ये ब्रुकलाइनला अमेरिकेने आणि २०१२ मध्ये मेडिनाला युरोपने. दोन्हीकडे १०–६ वरून. इथे तर सात! ऑनसाईटवाल्याला मेसेज टाकला, 'युरोप १७ च्या पुढे जाणार, पाच हजार.' त्याचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. डन.

आता इथे माझ्या काकांबद्दल सांगायला हवं. काकांचं तलासरीत, हायवेच्या जवळ, हार्डवेअरचं दुकान होतं. होतं म्हणजे माझ्या जन्माच्या आधी. ते मटक्यात गेलं. घरात हे कोणी उघड बोलत नसे, पण मी गणितात चांगले मार्क आणले की आई काकांकडे बघून म्हणायची, "याला आकडेमोड येते हो, आकडे लावायला नको येऊ दे म्हणजे झालं."

कॉलेजात असताना मी मटक्याचं गणित मांडून पाहिलं होतं. शून्य ते नऊ असे दहा आकडे, आणि लागला तर एकाला नऊ. म्हणजे शंभर रुपये लावले की सरासरी नव्वद परत येणार, दहा रुपये चालवणाऱ्याचे. दररोज ओपन, दररोज क्लोज. इतकं सोपं गणित काकांना कळलं नाही, म्हणून दुकान गेलं, असं माझं ठाम मत होतं. आपल्याला कळतं, म्हणून आपण सुरक्षित.

त्या रात्री आणखी एक मॅच होती, ती तुम्हाला सांगायला नकोच. दुबईत आशिया कपची फायनल, भारत-पाकिस्तान. काका डहाणूला आमच्याकडेच होते, सगळे टीव्हीसमोर. आपल्या टीमच्या जर्सीवर स्पॉन्सरचं नावच नव्हतं. ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ड्रीम ११ ला स्पॉन्सरशिप सोडावी लागली. काका म्हणाले, "बघ, रिकाम्या छातीने पण खेळता येतं." मी हसलो, आणि खिशातला मोबाईल हळूच बघितला. बेथपेजला रविवारचे सामने सुरू झाले होते.

तिथे आधीच एक गंमत झाली होती. युरोपच्या व्हिक्टर होव्हलंडची मान धरली, तो खेळू शकत नव्हता. अशा वेळी काय करायचं ते नियमात आहे. दोन्ही कप्तान आदल्या दिवशीच एका बंद पाकिटात आपल्या एका खेळाडूचं नाव देऊन ठेवतात. समोरचा जायबंदी झाला तर त्याने बसायचं. अमेरिकेच्या पाकिटात हॅरिस इंग्लिशचं नाव निघालं. दोघंही न खेळता अर्धा-अर्धा पॉइंट. मी मनात म्हटलं, चला, अर्धा तर आला.

तिलक वर्माने नाबाद ६९ केल्या, आपण पाच विकेटने जिंकलो, गल्लीत फटाके वाजले, आणि घर झोपलं. मी ओटीवर अंधारात. युरोप कोसळत होता. एकामागून एक सामने अमेरिकेकडे. १७ च्या गोष्टी संपल्या, पाच हजार गेले. आणि मग, दोन वाजून गेल्यावर केव्हातरी, माझ्या लक्षात आलं की आपला जुना आकडा परत जिवंत झालाय! १५.५–१२.५!

शेन लाउरीने शेवटच्या होलवर पट टाकून अर्धा पॉइंट आणला, १४. कप युरोपकडे राहणार हे नक्की झालं. टिरेल हॅटनचा अर्धा, १४.५. मैदानावर एकच सामना उरला, रॉबर्ट मॅकिंटायर विरुद्ध सॅम बर्न्स. मॅकिंटायर जिंकला की १५.५. सात हजार माझे. खरं सांगतो, त्या स्कॉटिश माणसासाठी मी जेवढा देवाचा धावा केला तेवढा इंजिनियरिंगच्या एम-थ्रीसाठी केला नव्हता. जाळीपलीकडे पाऊस, हातात मोबाईल, आणि मी बोटाने स्क्रीन खाली ओढतोय, ओढतोय..

बरोबरी. १५–१३. डेस्क नंबर १५ जिंकली.

"च्यायला, अर्ध्याने हुकलं!" मी मोठ्याने म्हणालो.

"किती लावले होते?"

काका दारात उभे होते. पाणी प्यायला उठले असावेत. मी काही लपवलं नाही. शीट, पाकीट, पाच हजार, मॅकिंटायर सगळं सांगितलं. त्यांना गोल्फ कळलं असेल-नसेल, पण ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आता असं वाटतंय ना, की पुढच्या वेळी नक्की लागणार?"

मी गप्प. कारण अगदी तेच वाटत होतं. त्या क्षणी कोणी आणखी एक सामना दिला असता, तर मी लावले असते.

"मी कधी फार लांबून हुकलो नाही रे," काका म्हणाले. "चौका लावला तर पंजा यायचा. एका आकड्याने हुकत हुकत दुकान गेलं."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मटका मुळात न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर चालायचा. कल्याणजी भगत, रतन खत्री हे सगळे १९६० च्या दशकात, पत्ते नंतर आले. "तुझा पण न्यूयॉर्कहूनच आला की आकडा," म्हणाले, आणि झोपायला गेले.

मी बराच वेळ तिथेच बसलो. आमच्या शीटमध्ये दहा टक्के खाणारा कोणी नव्हता. गणित अगदी स्वच्छ होतं. चौदा जणांचे पैसे, चौदा जणांतच. तरीही पाचशेचे साडेपाच हजार एका दिवसात झाले, आणि ते मीच केले, आकडेवारी काढून. म्हणजे काकांना गणित कळत नव्हतं हे माझं इतक्या वर्षांचं मत चुकीचं होतं. त्यांना नव्वद रुपयांचा हिशोब नक्कीच कळत असणार, दुकानदार माणूस. त्यांना धरून ठेवलं ते त्या 'थोडक्यात हुकलं'ने.

नंतर झोप येईना म्हणून वाचत बसलो तर अनिर्बन लाहिरी सापडला. जन्म पुण्याचा. २०१५ मध्ये कोरियात, इंचॉनला, प्रेसिडेंट्स कपमध्ये (हा रायडर कपचा भाऊ, अमेरिका विरुद्ध युरोप सोडून बाकी जग) शेवटच्या होलवर त्याचा जेमतेम चार फुटांचा पट हुकला. अर्धा पॉइंट गेला. अमेरिका १५.५–१४.५ ने जिंकली. बाकी सगळं तसंच राहिलं असतं तर तो अर्धा धरून १५–१५ झाले असते! पण लाहिरी दुसऱ्या दिवशी उठून चार फुटांवरून शंभर पट मारू शकतो. २०१७ ला तो परत त्याच स्पर्धेत खेळला आणि शनिवारचा जोडीचा सामना जिंकला. त्याचा हुकलेला अर्धा त्याला काहीतरी शिकवू शकतो. माझ्या हुकलेल्या अर्ध्यात माझ्या हातात होतं काय? स्क्रीन खाली ओढणं. त्यातून मी फक्त पुढचा आकडा लावायला शिकलो असतो.

सकाळी पाच हजार पाठवून दिले. कायद्याने पैजेचे पैसे कोर्टात वसूल करता येत नाहीत म्हणे, १८७२ च्या करार कायद्यात कलम ३० आहे. पण मित्राशी कलम ३० लावायचं नसतं :)

त्याचं उत्तर लगेच आलं. 'बॅड लक, अर्ध्याने गेलास! २०२६ ला मेडिनात प्रेसिडेंट्स कप आहे, शीट बनवतोय.'

मी शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. मग मोबाईल ओटीवर ठेवला आणि आत गेलो. काका चहात बटर बुडवत होते. म्हटलं, "काका, तलासरीला दुकान नक्की कुठे होतं, दाखवाल का?"

"चल की," म्हणाले. "आता तिथे मोबाईल रिपेअरिंग आहे."