बसलेला सेल

वीज अजून न आलेल्या नव्या इमारतींत बाबांचं सुतारकाम चालायचं, म्हणून कॉर्डलेस ड्रिलवर त्यांचा फार जीव. पॅक १२ व्होल्टचा, निकेल-कॅडमियमचा. म्हणजे आत १.२ व्होल्टचे १० सेल, ओळीने जोडलेले. तो बसला, तेव्हा नव्याची किंमत ऐकून बाबा गप्प झाले. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ एका काकांनी तो उघडला आणि मीटरच्या पिना एकेका सेलला लावत गेले. नऊ ठणठणीत, एक शून्यावर. त्या एकापायी अख्खा पॅक भंगारात निघाला होता! काकांनी त्या सेलला क्षणभर जोराचा करंट दिला. आत कॅडमियमचे केसासारखे तंतू वाढून शॉर्ट झाला होता, ते जळाले, काटा हलला. पण "हे तात्पुरतं," म्हणत त्यांनी सेलच बदलून दिला.

पुढे मी फर्निचर फिटिंगच्या धंद्यात आलो आणि हत्यारं लिथियमवर गेली. माझ्या १८ व्होल्टच्या पॅकमध्ये १८ मिमी जाडीचे, ६५ मिमी लांबीचे सेल आहेत; दोन-दोनच्या पाच जोड्या. चार्जरचा लाल दिवा लुकलुकला की लोक पॅक मेला समजतात. मी आधी प्रत्येक जोडीचे व्होल्ट मोजतो. चार ३.९ वर आणि एकच ३.१ वर, असं कितीदा तरी निघतं. काही पॅकांत आतलं सर्किट स्वतःपुरती वीज एकाच जोडीतून घेतं; कपाटात पडून पडून तीच रिकामी होते. ती वेगळी, अगदी कमी करंटने बाकीच्यांच्या पातळीला आणायची, रात्रभर ठेवायची, सकाळी पुन्हा मोजायची. आकडा टिकला की पॅक कामावर. त्या आकड्याची मी आजही आतुरतेने वाट बघतो.

सेल बदलताना त्यावर थेट सोल्डरिंग करणाऱ्यांचा मात्र राग येतो. उष्णतेने चांगला सेल बिघडतो. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच लावावी. काही मिलिसेकंदांचं काम.

परवा एक तरुण सुतार आला. त्याच्या पॅकातली एक जोडी ०.८ वर, कित्येक महिने तशीच. "दादा, जरा झटका द्या ना, उठेल." नाही दिला. लिथियमचा सेल इतका खाली जाऊन पडून राहिला की आतल्या पत्र्याचं तांबं विरघळतं. चार्ज करताना ते भलतीकडे साचून आतल्या आत शॉर्ट होतो आणि आग लागू शकते. टोकांना टेप लावून ती जोडी ई-कचऱ्यासाठी बाजूला काढली. उरलेल्यांशी जुळणारे सेल मिळेपर्यंत त्याला माझा पॅक दिला. एका घरातलं ट्रॉल्यांचं काम त्याने अर्ध्यावर सोडलं होतं.