सुधारून वाढवलेले बंडोपंत

पुस्तकावर ‘सुधारून वाढवलेली आवृत्ती’ असं छापलेलं दिसलं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. पैसे काढायला नव्हे, खिसा सांभाळायला. ‘वाढवलेली’ म्हणजे काय ते किमतीवरून लगेच समजतं. ‘सुधारलेली’ कुठे आहे ते मात्र थोरल्या भावाची जुनी पुस्तकं वापरणाऱ्या धाकट्या भावालाच कळतं. मास्तर म्हणणार, “पान बेचाळीस उघडा,” आणि सगळा वर्ग गांडुळाची आकृती बघत असताना धाकट्याच्या बेचाळीसाव्या पानावर बेडूक! मी धाकटा भाऊ. माझं सगळं शालेय शिक्षण बेडकावर झालं आहे.

आणि सुधारणा केली म्हणून लोक सुधारतात असंही नाही. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. हिशेब सोपा झाला, हे कुणीही मान्य करील. पण आमची आजी शेवटपर्यंत पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत राहिली. २०११ साली ते पंचवीस पैशांचं नाणं चलनातून गेलं, तेव्हा आमच्या गल्लीत बातमी आली ती “चार आणे बंद झाले” अशीच.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, माझ्या पुढ्यात एक सुधारून वाढवलेली आवृत्ती येऊन पडली. तीही अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावी, लेकीच्या जेवणाच्या टेबलावर. पुस्तक होतं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाच्या खेळाच्या नियमांचं. पानं ३८४.

“आजोबा, तू पण खेळणार,” नातीने जाहीर केलं. नात तेरा वर्षांची. तिच्या मराठीत अहोजाहो नाही. पण आपण देवालाही ‘तू’च म्हणतो, तेव्हा त्यातच मी मान मानून घेतला आहे.

“या खेळात जिंकतं कोण?” मी विचारलं.

“कोणीच नाही.”

“मग हरतं कोण?”

“कोणीच नाही.”

“मग संपतो कधी?”

“संपत नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा.”

चौतीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला ही व्यवस्था परकी वाटायचं काही कारण नव्हतं.

खेळ असा. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो : गुहा आहे, अंधार आहे, आत कुणीतरी घोरतंय. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेऊन बसतात आणि आपण काय करणार ते सांगतात. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आपल्याकडच्या कीर्तनासारखंच म्हणा ना. फरक इतकाच, की आपल्या कीर्तनात श्रोत्याला मध्येच उठून “बुवा, मी त्या राक्षसाच्या पायाला दोरी बांधतो” असं म्हणता येत नाही. इथे म्हणता येतं, आणि फासा चांगला पडला तर बुवांना पुढचं आख्यान बदलावं लागतं.

हे खूळ निघालं तेही जवळच, मॅडिसनपासून मोटारीने दीडएक तासावरच्या लेक जिनिव्हा गावी. गॅरी गायगॅक्स हा गृहस्थ आधी विमा कंपनीत होता. ती नोकरी गेल्यावर घराच्या तळघरात लोकांचे बूट दुरुस्त करायचा, आणि उरलेल्या वेळात लुटुपुटीच्या लढाया खेळायचा. शेजारच्या मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनला त्याच्यासारखाच नाद. दोघांनी मिळून १९७४ साली तीन बारकी पुस्तकं एका खोक्यात घालून विकायला काढली. प्रती एक हजार, किंमत दहा डॉलर, आणि खोकी भरायची घरच्या घरी. आपल्याकडे पापडाचा धंदा सुरू होतो तसंच हे. पन्नास वर्षांनी, २०२४ साली, अमेरिकेच्या टपालखात्याने या खेळाची तिकिटं काढली. घरच्या माणसांना त्या वेळी काय वाटलं असेल? नोकरी गेलेला माणूस तळघरात बसून ड्रॅगनच्या दातांचा हिशेब करतोय!

तेव्हापासून आवृत्त्यांवर आवृत्त्या. दुसरी १९८९ ची, तिसरी २००० ची, मग २००३ ला साडेतिसरी, २००८ ला चौथी, २०१४ ला पाचवी. आणि २०२४ ची ही? सहावी म्हणायचं नाही. पाचवीच, पण सुधारलेली. थोडक्यात, मुलगा वरच्या वर्गात गेला नाही, पण वळण लागलं. किमतीच्या बाबतीत मात्र माझा लहानपणापासूनचा संशय खोटा ठरला. २०१४ चं पुस्तक ३२० पानांचं, ४९ डॉलर ९५ सेंटांना. हे ३८४ पानांचं, ४९ डॉलर ९९ सेंटांना. दहा वर्षांनी चार सेंटांत चौसष्ट पानं! आमच्या नाक्यावरच्या वडापाववाल्याला हे वाचून दाखवलं पाहिजे.

सूत्रधार होता जावई. तो दुसरी आवृत्ती शाळेत असताना शिकला. तेव्हा म्हणे चिलखत जितकं भारी तितका त्याचा आकडा लहान. २००० साली ते उलटं केलं. तो अजूनही कधीकधी चांगलं चिलखत मिळालं की वजाबाकी करू लागतो. बरोबर त्याचे दोन शाळासोबती. एकाला नव्या पुस्तकातलं अक्षर न् अक्षर पसंत, दुसरा जुनं पुस्तक पिशवीत घालून आलेला. मी त्यांना मनातल्या मनात आगरकर आणि टिळक अशी नावं दिली. दोघंही इतक्या तळमळीने भांडत होते, की वर्तमानपत्र काढण्याची काय ती कसर राहिली होती.

माझं पात्र ड्वार्फ, म्हणजे डोंगराच्या पोटात राहणारा दाढीवाला बुटका. नाव बंडोपंत. पूर्वी या बुटक्याला अंधारात साठ फूट दिसायचं, नव्या पुस्तकात एकशेवीस. मोतीबिंदूचं ऑपरेशन करूनही माझी एवढी प्रगती झालेली नाही. दुसरी सुधारणा आगरकरांनी खुलासेवार सांगितली. पूर्वी ताकद, चपळाई, अक्कल यांची भर जन्मावरून मिळायची. बुटक्याच्या पोटी आलात तर काटक, एल्फाच्या पोटी आलात तर चपळ. आता ती भर मिळते पूर्वायुष्यावरून, म्हणजे तलवार हाती घेण्याआधी तुम्ही काय करत होता त्यावरून. शेतकरी, खलाशी, व्यापारी असे सोळा प्रकार दिले आहेत. त्यात चक्क ‘लेखनिक’ होता.

“लेखनिकाला ताकद वाढवून मिळत नाही,” जावई म्हणाला. “लढवय्याला सैनिक बरा.”

“चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला सैनिक म्हणून कोण ओळखणार?” मी म्हटलं. तेव्हा बंडोपंत दोन हाती मोठी तलवार आणि पिशवीत लेखणी, कागद, दिवा, तेल असा सरंजाम घेऊन राक्षस मारायला निघाले.

त्या तलवारीचा नवा नियम मला फार आवडला. वार चुकला तरी समोरच्याला थोडं लागतंच. आमच्या हिच्या बोलण्याला ही सोय पहिल्या आवृत्तीपासून आहे. औषधाचंही बरं झालं आहे. पूर्वी काढा प्यायला की त्या खेपेला वार करता येत नसे. आता एका हाताने बाटली तोंडाला लावावी आणि दुसऱ्याने खुशाल लढावं.

इतपत सगळं हसत-खेळत चाललं होतं. मग नातीची पाळी आली.

तिच्या पात्राचं नाव सायली. ठाण्याच्या आमच्या गॅलरीत सायलीचा वेल आहे, तिथून घेतलेलं. तीन वर्षं ती सायलीला खेळवत होती. आणि सायली होती ‘हाफ-एल्फ’. आई माणूस, बाप एल्फ. नव्या पुस्तकात दहा प्रजाती दिल्या आहेत आणि त्यांत हाफ-एल्फ नाही. कुणालाही ‘अर्धा’ म्हणणं बरं दिसत नाही, असं करणाऱ्यांच्या मनात आलं. हेतू चांगलाच. पण चांगल्या हेतूने कागदावरचा एक चौकोन मात्र कमी झाला.

“एल्फ घे, नाहीतर माणूस घे,” बाप म्हणाला. तो नियमाला पक्का.

टिळकांनी पिशवीतून जुनं पुस्तक काढलं. जुनी प्रजाती चालेल असं नव्या पुस्तकातच लिहिलंय, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं. म्हणजे प्रश्न मिटायला हवा होता.

“मला जुनं पण नको,” नात म्हणाली. “त्यात हाफ लिहिलंय. मी हाफ नाहीये.”

सायली हाफ नाहीये, असं ती म्हणाली नाही. टेबलावर कुणी काही बोललं नाही. ठाण्याला आमच्या सोसायटीतली पोरं तिला ‘फॉरेनची’ म्हणतात, आणि मॅडिसनमध्ये तिला लोक गोडपणे विचारतात, “पण तुम्ही मूळचे कुठले?” लेकीने कुकरचं निमित्त करून गॅसकडे तोंड फिरवलं. कुकरची शिट्टी काही झाली नव्हती.

“आजोबा, तू सांग.”

मला शास्त्र येतं ते एकच, मेंढीकोटाचं. मी तेच सांगितलं, निम्मं मराठीत, निम्मं माझ्या इंग्रजीत. आमच्या काकांकडे बंद हुकूम खेळायचे, मामांकडे कट हुकूम. दोन्हीकडे भांडणं व्हायची, आणि दोन्हीकडे शेवटचं वाक्य एकच : “आमच्याकडे असंच खेळतात.” त्यावर अपील नाही. ज्याच्या सतरंजीवर बसलात त्याचा नियम. पुस्तक लिहिणारा काही आपल्या सतरंजीवर बसायला येत नाही.

जावई हसला. त्यांच्यातही याला ‘घरचा नियम’च म्हणतात म्हणे, आणि हा खेळ निघाल्यापासून ज्याच्या त्याच्या घरी तो आहेच. आगरकर आणि टिळक त्या संध्याकाळी पहिल्यांदाच एकदम मान हलवताना दिसले.

नातीने चौकोनात लिहिलं : एल्फ. मग अधिकची खूण केली. मग लिहिलं : माणूस.

“पण फायदे दोन्हीचे मिळणार नाहीत हं,” बाप म्हणाला.

“फायदे एल्फचेच दे. लिहिताना दोन्ही लिहिणार.”

एवढं झाल्यावर आम्ही गुहेत शिरलो. राक्षसाच्या पहिल्याच तडाख्याला बंडोपंत आडवे झाले. सायलीने मंत्र टाकला. जखमा भरायच्या या मंत्राला पूर्वी आठ बाजूंचा एक फासा होता, आता दोन आहेत. सहा आणि सात पडले. बंडोपंत दाढी झटकत उठले, आणि पुढचा तडाखा खाऊनही उभे राहिले. एका फाशावर ते जमलं नसतं. या सुधारणेला माझा बिनशर्त पाठिंबा आहे.

आम्ही ठाण्याला परतलो तरी खेळ चालू आहे. त्यांची शनिवारची रात्र नऊ म्हणजे आमची रविवारची सकाळ साडेसात. नोव्हेंबरात अमेरिकेने घड्याळंही सुधारून एक तास मागे घेतली, तेव्हा हिवाळाभर साडेआठ. माझा फासा तिकडे नात टाकते आणि आकडा सांगते. त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. इतके वाईट आकडे कुणी खोटे सांगणार नाही.

परवाच्या रविवारी मी फोनवर ओरडून राक्षसाला आव्हान देत होतो, तर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, दळण आणायचंय. की बंडोपंतांना आज ताकद नाही?”

मी ऐकू न आल्यासारखं केलं. वार चुकला. पण थोडं लागलंच.