साक्षीदाराचा जबाब

आमच्या करकंबात घोरणाऱ्या माणसाची कुणी कधी काळजी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. द्राक्षबागेत किंवा उसाच्या फडात दिवसभर राबून आलेला गडी रात्री सोप्यात घोरू लागला, की वडीलधारी मंडळी ‘दमलाय बिचारा’ म्हणून लेकरांना गप्प करीत. आणि तलाठ्याच्या नोकरीत फेरफार, सातबारा व वसुलीचे दप्तर सांभाळण्यात हयात घालविलेल्या माझ्या घोरण्यालाही घरात तोच मान होता.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात एके सकाळी अंगणात तोंड धुऊन मी पंच्याने उजवा डोळा पुशीत असता समोरच्या तुळशीच्या मंजिऱ्या तेवढ्या दिसल्या. खालचे वृंदावन, त्यापुढची रांगोळी, माझे स्वतःचे पाय, या सर्वांवर करडा पडदा आला होता. वेदना नव्हती, लाली नव्हती. दोन्ही डोळे उघडे असले की उजवा डोळा डाव्याची उणीव भरून काढी, त्यामुळे घरच्यांना ते खरेच वाटेना. मोतीबिंदू असेल, असा शेजाऱ्यांचा अभिप्राय पडला. परंतु मोतीबिंदू एका रात्रीत अर्धी नजर नेत नाही, इतके मला ठाऊक होते, म्हणून त्याच दिवशी आम्ही सोलापूर गाठले.

तेथील नेत्रवैद्यांनी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून डोळा तपासला, तो दृष्टीच्या नसेच्या मुखाशी सूज आढळली. रक्तदाब आणि मधुमेह यांची चौकशी झाल्यावर ते आमच्या मंडळींकडे वळून म्हणाले, “हे रात्री घोरतात का हो?”

“घोरतात, आणि घोरता घोरता एकदम गप्प होतात. श्वासच थांबतो. मग मी हलवते, तेव्हा हिसका बसून पुन्हा चालू होतो.”

इतकी वर्षे रात्रीची ही राखण तिने मुकाट्याने केली होती, हे मला त्या खोलीत कळले.

डॉक्टरांनी मग सावकाश समजावून दिले. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, छाती धडपडत राहते पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, रक्तदाब उसळतो, आणि हाच क्रम रात्रभर चालतो. किमान १० सेकंद टिकणारे असे पूर्ण वा अपुरे खंड तासाला ३० हून अधिक झाले, तर विकार तीव्र समजतात. दृष्टीच्या नसेत १० ते १२ लाख तंतू असतात, आणि ती डोळ्याबाहेर पडते त्या चिंचोळ्या जागी रक्त पोहोचविणाऱ्या धमन्या फार बारीक. ज्यांची ती जागा जन्मतःच अरुंद असते, त्यांच्या नसेचा रक्तपुरवठा तुटला, की तंतू सुजून एकमेकांना चेपू लागतात, आणि पुष्कळांना हा आघात सकाळी जाग आल्यावरच उमगतो. काचबिंदूच्या काही रुग्णांतही हा निद्राविकार आढळतो. घोरण्यानेच नजर गेली असे शपथेवर सांगता येणार नाही, असेही ते म्हणाले. रक्तदाब आणि मधुमेह यांचाही त्यात हात असतो. तथापि अशा रुग्णांत हा विकार इतक्या वारंवार सापडतो, की विचारल्यावाचून राहू नये.

पंचनाम्यात साक्षीदाराचा जबाब घेतल्यावाचून कागद पुरा होत नाही, हे मी आयुष्यभर पाळले. या दुखण्यात तर निजलेल्या माणसाला स्वतःचे काहीच ठाऊक नसते. जे काही ठाऊक असते ते शेजारी जागणारीला. म्हणून रुग्णाबरोबर त्याच्या घरच्या माणसालाही प्रत्येक नेत्रवैद्याने आत बोलवावे, असे मला कळकळीने वाटते.

पुढे रात्रभराची निद्राचाचणी झाली आणि तासाला चाळीसच्या आसपास खंड निघाले. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे मांडलेली, नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ती आता माझ्या उशाशी यंत्ररूपाने असते. आरंभी तो मुखवटा असह्य वाटला, परंतु दुपारची पेंग आणि सकाळचे डोके जड होणे ही दोन्ही गेली. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही, तशी आशाही डॉक्टरांनी दाखविली नव्हती. उजवा डोळा राखावयाचा आहे, म्हणून रात्री वीज गेली तर यंत्र बंद पडू नये यासाठी इन्व्हर्टर बसविला. माझे धाकटे बंधू माझ्याहून मोठ्याने घोरतात. भावजयीला विचारले, तर तिनेही तेच सांगितले, जे आमच्या मंडळींनी सांगितले होते. बंधूंची चाचणी पुढल्या आठवड्यात सोलापुरास ठरली आहे.