लहानपणी अस्वल, मोठेपणी वाघ : टायगर मॉथ आणि वर्गीकरणाचा धडा



सातवीच्या विज्ञानात वर्गीकरणाचा धडा येतो. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. मुलं ही साखळी पाढ्यासारखी पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरून जातात. त्यांचा दोष नाही. ज्या प्रश्नाचं हे उत्तर आहे, तो प्रश्नच त्यांना कधी पडलेला नसतो. गेली काही वर्षं मी हा धडा टायगर मॉथ नावाच्या पतंगांना हाताशी धरून घेते. ते का, हे आज सांगते.

नावापासून सुरुवात

फुलपाखरं आणि पतंग एकाच गणातली, लेपिडोप्टेरा. ग्रीक भाषेत याचा अर्थ खवल्यांचे पंख असलेले. फुलपाखरू पकडलं की बोटांना जी रंगीत पूड लागते, ती म्हणजे हे खवले. जगात या गणाच्या सुमारे १ लाख ६० हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यातली फुलपाखरं किती असतील, असं मी वर्गात विचारते. "निम्मी!" असं उत्तर हमखास येतं. खरा आकडा साधारण १८ हजार. बाकी सगळे पतंग, आणि त्यात एकट्या टायगर मॉथच्या सुमारे ११ हजार जाती.

युरोपातला गार्डन टायगर हा यातला सगळ्यात नावाजलेला. पुढचे पंख तपकिरी, त्यावर पांढरी नागमोडी नक्षी. मागचे पंख केशरी, त्यावर निळसर काळे ठिपके. लिनियसने १७५८ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. आज त्याचं शास्त्रीय नाव आर्क्टिया काजा असं आहे. गंमत अशी की आर्क्टिया या शब्दात वाघ कुठेच नाही. ग्रीकमध्ये 'आर्क्टोस' म्हणजे अस्वल! या पतंगांच्या अळ्या अंगभर दाट केसांच्या असतात, म्हणून हे नाव पडलं. लहानपणी अस्वल आणि मोठेपणी वाघ. एवढं सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

खुळखुळ्याच्या झाडावरचा वाघ

फोटोतला युरोपचा पतंग दाखवून भागत नाही. आपल्याकडचा हवा. तो मिळतो खुळखुळ्याच्या झुडपावर. पावसाळ्यात माळरानावर, रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचं हे झुडूप उगवतं. शेंगा वाळल्या की आत बिया खुळखुळतात. याच प्रजातीतला ताग आपले शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतात. या प्रजातीचं शास्त्रीय नाव क्रोटालारिया, तेही खुळखुळ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलेलं. शास्त्रीय नाव देणाऱ्यांना आणि आपल्या माणसांना एकच आवाज ऐकू आला आणि एकच नाव सुचलं.

या झुडपावर युटेथायसा नावाचा टायगर मॉथ वाढतो. पंख पांढरट, त्यावर लाल आणि काळे ठिपके, जणू कोणी रांगोळी काढावी तसे. तो दिवसाढवळ्या उडतो. आता मुलांना प्रश्न टाकायचा: पक्ष्यांनी भरलेल्या माळावर हा एवढा भडक रंग घेऊन कसा काय फिरतो?

उत्तर झाडात आहे. खुळखुळ्यात पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची कडू विषारी द्रव्यं असतात. माणसाच्या आणि गुराढोरांच्या यकृताला ती घातक. १९७० च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा जिल्ह्यात यकृताच्या आजाराची साथ आली होती. खाण्यातल्या बारीक धान्यात खुळखुळ्याच्या बिया मिसळल्या गेल्या होत्या, हे तिचं कारण निघालं. तेच विष ही अळी पचवते आणि अंगात साठवून ठेवते. अळीचा कोष होतो, कोषातून पतंग निघतो, तरी विष तसंच राहतं. अमेरिकेत थॉमस आयझनर या शास्त्रज्ञांनी युटेथायसाच्या तिथल्या जातीवर बरीच वर्षं काम केलं. असा पतंग जाळ्यात सापडला तर मोठा कोळी त्याला खात नाही, उलट भोवतीचे धागे कापून सोडून देतो, हे त्यांनी पाहिलं. नर मिलनाच्या वेळी आपल्याजवळच्या विषाचा वाटा मादीला देतो आणि मादी ते अंड्यांत उतरवते. म्हणजे अंड्यातल्या पिल्लालाही आईबापांकडून संरक्षण मिळतं.

अधूनमधून मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतो. पतंगाच्या शेपटाकडून चार केसाळ नळ्या फुगून बाहेर आलेल्या असतात आणि खाली 'परग्रहावरचा जीव' असं काहीतरी लिहिलेलं असतं. पालकांनी तो पाहिला असेल. तोही टायगर मॉथच, क्रिएटोनोटस गँगिस, आपल्या भारतात आढळणारा. नळ्या नराच्या असतात आणि त्यातून तो मादीसाठी गंध सोडतो. अळी असताना त्याने अशी कडू झाडं किती खाल्ली, त्यावर या नळ्यांचा आकार ठरतो. परग्रहाचा काही संबंध नाही, सगळा मामला जेवणाचा आहे.

रात्री रंग दिसत नाहीत, मग तेव्हा काय? रात्रीचा शत्रू म्हणजे वटवाघूळ, आणि ते आवाजाच्या प्रतिध्वनीवर शिकार शोधतं. पुष्कळ टायगर मॉथच्या छातीच्या दोन्ही बाजूंना पातळ पडदे असतात. ते दाबले-सोडले की आपल्याला ऐकू न येणारा टकटक आवाज निघतो. काही जातींत त्याचा अर्थ 'मी कडू आहे, नाद सोड' असा असतो आणि वटवाघळं तो शिकतात. अमेरिकेतली बर्थोल्डिया नावाची जात तर सेकंदाला हजारो वेळा टकटक करून वटवाघळाचा अंदाजच चुकवते. हे २००९ मध्ये प्रयोगाने सिद्ध झालं.

"मॅडम, आमच्या सोयाबीनचं काय?"

एकदा हे सगळं मी रंगवून सांगत होते. वर्ग खूश. एक मुलगा मात्र गप्प होता. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही यांचं कौतुक करता. आमचं अख्खं सोयाबीन केसाळ अळीने खाल्लं. पप्पांनी दोनदा फवारणी केली."

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. सोयाबीन, सूर्यफूल, तीळ, भुईमूग फस्त करणारी बिहारी केसाळ अळी ही टायगर मॉथचीच अळी आहे. ज्या घरात फवारणीचे पैसे उसने आणलेले असतात, त्या घरच्या मुलाला निसर्गाच्या गमतीजमती सांगून गप्प बसवता येत नाही आणि बसवूही नये. मी त्या दिवशी पुढचा भाग बाजूला ठेवला आणि फळ्यावर या अळीचं जीवनचक्र काढलं.

मादी पानाच्या मागे पुंजक्याने अंडी घालते. बाहेर आलेल्या अळ्या सुरुवातीचे काही दिवस एकाच पानावर गर्दी करून राहतात आणि पानाचा हिरवा भाग खरवडतात. पान पापुद्र्यासारखं जाळीदार दिसायला लागतं. ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की शेकडो अळ्या एका झटक्यात संपतात. तो टप्पा हुकला तर त्या मोठ्या होऊन शेतभर पसरतात, केस दाट होतात आणि मग औषधालाही दाद देत नाहीत. म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने या पतंगाची ओळख हा नुसता छंद उरत नाही. अळी कोणती आणि ती कोणत्या वयात कशी वागते, यावर फवारणीचा खर्च ठरतो.

पुढच्या हंगामात त्या मुलाने एक जाळीदार पान वहीत दाबून आणलं आणि सगळ्यांना दाखवलं. शेतात किती फायदा झाला ते मी विचारलं नाही. पण वर्गात एक बदल झाला. 'केसाळ अळी दिसली, मारा' असं म्हणणारी मुलं 'कोणती केसाळ अळी?' असं विचारायला लागली. माझ्या मते वर्गीकरणाचा सगळा धडा या 'कोणती?' मध्ये आहे.

आडनाव आणि भावकी

आता मूळ मुद्दा. आमच्या वर्गात पाटील आडनावाची चार मुलं आहेत. त्यातली दोन सख्खी चुलत भावंडं, बाकी दोघांचं यांच्याशी काही नातं नाही. उलट यातल्या एकाची आतेबहीण दुसऱ्याच आडनावाने त्याच वर्गात बसते. आडनावावरून भावकी कळत नाही, त्यासाठी वंशावळ बघावी लागते. पतंगांचंही अगदी असंच आहे.

वड-उंबराच्या कुळातल्या झाडांवर वाढणारा असोटा नावाचा केशरी-पिवळा पतंग इंग्रजीत 'ट्रॉपिकल टायगर मॉथ' म्हणून ओळखला जातो. पण तो टायगर मॉथमध्ये मोडत नाही, शेजारच्या उपकुलातला आहे. आडनाव वाघ, घर वेगळं. दुसरीकडे अमाटा हा काळा-पिवळा पतंग बघा. पंखांवर पारदर्शक खिडक्या, लांबून गांधीलमाशीच वाटावी. जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९० च्या दशकात भारतातल्या पतंगांवर ग्रंथ लिहिले, त्यात याचं कुल वेगळं ठेवलं होतं. आज तो टायगर मॉथच्या घरात धरला जातो. आपल्या मसाल्यातलं दगडफूल ज्या गटातलं आहे, त्या दगडफुलांवर जगणाऱ्या अळ्यांचे नाजूक पतंगही याच घरातले.

सगळ्यात मोठा बदल तर गेल्या पंधरा-वीस वर्षांतला आहे. आधी टायगर मॉथचं स्वतंत्र कुल होतं, आर्क्टिइडी. त्याच्या शेजारी नॉक्टुइडी नावाचं एक अवाढव्य कुल. त्यात हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा पतंगही होता आणि संत्र्या-मोसंबीतला रस शोषणारा पतंगही. २०१० च्या सुमारास डीएनएच्या अभ्यासातून दिसलं की रस शोषणारा पतंग घाटेअळीपेक्षा टायगर मॉथला जवळचा आहे! म्हणजे चुलत्याला घरात ठेवून सख्ख्या भावाला वेगळं काढल्यासारखं झालं होतं. मग नव्याने मांडणी झाली. रस शोषणारे पतंग, टायगर मॉथ आणि आणखी काही गट एरेबिडी या कुलात एकत्र आले आणि टायगर मॉथ त्यातलं एक उपकुल झाले, आर्क्टिइनी. शेवटचा '-इडी' म्हणजे कुल आणि '-इनी' म्हणजे उपकुल. मुलांना हा एका अक्षराचा फरक फळ्यावर लिहून दाखवा, फार आवडतो.

यावर एका मुलीने विचारलं, "मग मॅडम, आधीचं पुस्तक खोटं होतं का?"

हा प्रश्न मुलांनी विचारावा म्हणूनच मी हा धडा असा घेते. तिला मी सांगितलं, खोटं नव्हतं. आधीच्या लोकांनी भिंगाखाली पंखांच्या शिरा पाहिल्या, कान पाहिले, अळीच्या केसांचे पुंजके पाहिले आणि सांगितलं की हे सगळे एका घरातले. ते घर आजही तसंच उभं आहे. डीएनएने ते मोडलं नाही, फक्त ते कोणत्या वाड्यात आहे एवढं नव्याने सांगितलं. नवा पुरावा आला तर पत्ता बदलायची तयारी ठेवणं, यालाच विज्ञान म्हणतात. पुस्तक बदलतं म्हणून त्यावर विश्वास ठेवायचा, बदलत नाही म्हणून नव्हे.

पालकांसाठी दोन शब्द

पावसाळ्यात पालकांच्या ग्रुपवर 'शाळेत सुरवंट फार झालेत, फवारणी करा' असे मेसेज येतात. काळजी रास्त आहे. टायगर मॉथच्या बहुतेक अळ्यांच्या केसांत विष नसतं, पण कोणाच्या त्वचेला ते खाजू शकतात. शेवग्यावरच्या केसाळ अळ्या मात्र चांगल्याच त्रास देतात. लहान मुलाला हा फरक ओळखता येणार नाही. म्हणून नियम एकच: बघायचं डोळ्यांनी, हाताने नाही. केस लागलेच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून अलगद काढा आणि साबणाने धुवा. डोळ्यात गेले किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच डॉक्टरांकडे जा. सरसकट फवारणीने सुरवंटांबरोबर त्यांना खाणारे कीटक मरतात आणि वास मुलांच्याच नाकात जातो.

वर्गात करण्यासारखं काम सोपं आहे. संध्याकाळी पांढरी चादर टांगून त्यावर दिवा लावा आणि मोठ्यांच्या सोबतीने अर्धा तास बघा. आलेल्या पतंगांची चित्रं काढू द्या. मग मुलांनाच म्हणा, यांची भावकी लावा. कोणी रंगावरून लावेल, कोणी पंख मिटायच्या पद्धतीवरून, कोणी मिशांवरून. त्यांच्यात वाद होतील. होऊ द्या. "तू याला यांच्यात का ठेवलास?" एवढंच विचारत राहा. सृष्टीपासून जातीपर्यंतची साखळी त्यानंतर पाठ करायला सांगा. तेव्हा मुलांना ती कशाचं उत्तर आहे हे माहीत असतं.