एकटंच कायले जाते?

नारायण धारपांच्या भयकादंबऱ्यांत आधी घर येतं, भीती मागाहून. नवरा-बायको, एखादं मूल, बदलीची नोकरी, स्वस्तात मिळालेला बंगला. कितीतरी पानं विशेष काही घडत नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. मग कुणीतरी रात्री एकटं उठतं आणि बंद खोलीकडे निघतं. ही जागा मराठीत धारपांइतकी कुणालाच साधलेली नाही, हे माझं मत आजही कायम आहे. पण २०१८ साली मी त्यांना वेगळं वाचायला लागले, ते सातवीतल्या एका मुलीमुळे.

माझं वाचन असल्याच पुस्तकांवर पोसलं. यवतमाळात आमच्या घराजवळ भाड्यानं पुस्तकं देणारं लहानसं वाचनालय होतं. खाकी कागदाची कव्हरं, दाभणानं शिवलेले पुठ्ठे आणि एखाद्या रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेनानं लिहून ठेवलेलं खुन्याचं नाव. बाबा बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेले. जेवताना झुंजार आणि काळापहाडच्या गोष्टी सांगायचे. मी गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, धारप, हाती येईल ते वाचायची. धारप वाचून झाले की रात्री मोरीपर्यंत जायची हिंमत व्हायची नाही. आजी उठायची, दिवा लावायची, सोबत यायची आणि म्हणायची, "येवढं भेव लागते तं वाचून कायले राहिली वं?"

तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज देता येतं. पुस्तकातल्या भीतीला शेवटचं पान असतं. धारपांच्या गोष्टींतले तारणहार समर्थ आले की वाचणाऱ्याला कळतं, आता सुटका आहे. घरात कर्ज, दुष्काळ आणि बोंडअळी यांच्याच गोष्टी चालत, त्यांना असं शेवटचं पान कधी दिसलं नाही.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मला वेगळ्या कारणानं आवडला. फुरसुंगीचा बन्या पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवर टांग मारतो आणि थेट संकटात शिरतो. त्याच्या नादानं मी बाबांच्या उंच सायकलवर कैची मारत दारव्हा रोडपर्यंत जायची. मुलीनं सायकल घेऊन इतक्या लांब जाऊ नये, असं शेजारच्यांनी घरी येऊन सांगितलं. बन्याला असं कुणी सांगत नाही, हे तेव्हा फार झोंबलं होतं.

पुढे अमोलकचंद महाविद्यालयात असताना शिरवळकरांची 'दुनियादारी' हाती आली. १९८२ ची कादंबरी, पण आमच्या वर्गात ती हातोहात फिरायची. मी रात्रभर जागून वाचली, रडले, आणि सकाळी तिच्यावर चिडले. कट्ट्यावरच्या पोरांच्या मैत्रीला, दारूला, दुःखाला पानंच्या पानं. शिरीन आणि मिनू घरी गेल्यावर काय विचार करतात, ते मात्र नायकाला, श्रेयसला, कळेल तेवढंच आपल्याला कळणार. २०१३ साली तिच्यावर सिनेमा आला तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांनी मूळ पुस्तक मागितलं. मी आनंदानं दिलं. माझी तक्रार मिटलेली नाही आणि त्या पुस्तकावरचं प्रेमही आटलेलं नाही.

आता त्या मुलीचं. २०१८ साली मी पांढरकवडा तालुक्यातल्या शाळेत शिकवत होते. अवनी वाघिणीचं ते वर्ष. राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात दोनेक वर्षांत १३ माणसं गेली आणि त्यांचा ठपका तिच्यावर होता. तिला पकडायला हत्ती आणले, कुत्री आणली, पॅराग्लायडर आणले. ऐन कापूस वेचायचे दिवस. बाया ओटीत कापूस भरत असायच्या आणि दोघं-चौघं गडी त्यांच्याकडे पाठ करून, काठी घेऊन, धुऱ्याकडे बघत उभे. पोरं शाळेत यायची ती घोळक्यानं, मोठ्यानं गाणी म्हणत.

अशा दिवसांत एका मोकळ्या तासाला पोरांनीच भुताची गोष्ट मागितली. मी धारपांची एक आठवेल तशी सांगितली. माणूस रात्री एकटा बंद खोलीकडे निघाला, वर्ग चिडीचूप झाला, आणि मागच्या बाकावरून ती म्हणाली, "मॅडम, तो एकटाच कायले जाते? आमच्या गावात तं वावरात बी कोणी एकटं जात नाही. सारे मिळून बोंबलत जातात."

मला पुढची गोष्टच सांगता येईना. त्या पोरीनं धारपांच्या भीतीचा पायाच दाखवला होता. ती भीती बंगल्यातली आहे, शेजारी दार लावून बसतात अशा वस्तीतली. खरं भय आलं की आमची गावं एकमेकांना चिकटतात. घरी जाऊन मी धारपांची 'शपथ' पुन्हा काढली. स्टीफन किंगच्या 'इट'वर बेतलेली ही कादंबरी लहानपणीच्या दोस्तांची आहे, एकत्र येऊन झुंजणाऱ्यांची. आधी मला ती त्यांच्याच 'लुचाई'पेक्षा डावी वाटायची. त्या आठवड्यात मत फिरलं.

२ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या परिसरात अवनी मारली गेली. गावांत फटाके फुटले. दिवाळीनंतर शाळा भरल्यावर वर्गात पहिला प्रश्न आला तो तिच्या दोन बछड्यांचा. ते काय खातील, त्यांना शिकार येते का? याच पोरांनी महिनोन्‌महिने भीत भीत शाळा केली होती. धारपांच्या कादंबरीत जे नष्ट होतं ते निखळ दुष्ट असतं, त्याच्यामागे कुणी रडत नाही. वर्गातला हा प्रश्न मला त्यांच्या कुठल्याच पुस्तकात सापडलेला नाही.

जानेवारी २०१९ मध्ये ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात भरलं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकऱ्याची ही विधवा त्या मंचावरून बोलली, याचा मला मनापासून अभिमान वाटला. ग्रंथप्रदर्शनात मी पोरांनी दिलेली यादी घेऊन फिरले. फास्टर फेणे मिळाला, धारप मिळाले, भोपाळच्या मंजुल प्रकाशनानं काढलेला मराठी हॅरी पॉटरही मिळाला. मग एका गाळ्यावर विचारलं, आमच्या जिल्ह्यात घडणारी, बारा-चौदा वर्षांच्या पोरांसाठीची एखादी थरारक कादंबरी आहे का? विक्रेत्यानं बराच वेळ शोधून जी पुस्तकं पुढ्यात ठेवली, ती सगळी शेतकरी आत्महत्यांवरची होती.

ती पुस्तकं हवीतच, त्यातलं एक मी घेतलंही. पण सातवीच्या पोरांच्या हाती आपल्या जिल्ह्याची म्हणून एवढीच पुस्तकं यावीत, हे मला मान्य नाही. आमच्याकडे टिपेश्वरचं जंगल आहे, बंद पडलेली शकुंतला रेल्वे आहे, रात्रीची जिनिंग आहे, वणीच्या कोळशाच्या खाणी आहेत. कुणी लिहायला घेतलं तर वर्गानं अटी ठरवून ठेवल्या आहेत: सायकल मुलीकडे हवी, टोळीत निदान चौघं हवीत, बछडे वाचले पाहिजेत आणि शेवटपर्यंत घरचं कुणी मरता कामा नये.