आधी शंभर घरे मोजावीत

आमच्या कार्यालयात लिहिण्याच्या मेजासमोर एक अपुरे भरतकाम चौकटीत लावलेले आहे. कामानिमित्त येणारे धर्मग्रामस्थ ते पाहतात, क्षणभर थबकतात आणि संकोचून विचारतात, "फादर, प्रभूचा चेहरा असा लांबट का दिसतो?" दोष भरणाऱ्या हातांचा नाही. दोष कापडाचा आहे, आणि ते कापड आम्ही निवडले होते. आमच्या वाचकांपैकी पुष्कळ घरांतून असे मोठे काम आज ना उद्या हाती घेतले जाईल, म्हणून ही हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

आमच्या चर्चच्या शताब्दीस तीन वर्षे उरली असता पाच भगिनींनी एक इच्छा बोलून दाखविली. सभागृहाच्या भिंतीसाठी त्यांना फुलीच्या टाक्याने प्रभूचे अखेरचे भोजन भरावयाचे होते. त्यांनी मिळविलेला नमुना आलेखाच्या कागदावर छापलेला होता. आडवी ४२० घरे, उभी २२० घरे. म्हणजे एकूण ९२,४०० फुल्या. सरावलेला हात तासाला सुमारे शंभर फुल्या घालतो असे धरले, तर नऊशेहून अधिक तासांचे काम. हा आकडा ऐकून आम्ही थक्क झालो. पण त्या भगिनी मात्र हसत होत्या. "कापड आम्ही आणतो," असे आम्ही उत्साहाने सांगून टाकले.

या उत्साहामागे थोडा अहंकारही होता. आमची आई दुपारच्या वेळी मॅटीच्या कापडावर फुल्या भरीत असे. चहाच्या ताटावरचे रुमाल, रेडिओवरचे आच्छादन, उशीचे अभ्रे, त्यांवर गुलाब आणि पोपट. दोऱ्याच्या लड्या सोडविणे हे आमचे बालपणीचे काम. पुढे गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो, वेदीची वस्त्रे घडी घालून ठेवण्यास शिकलो. एवढ्या पुंजीवर आम्हांला कापडातील कळते, अशी आमची समजूत झाली होती. आम्ही बाजारात गेलो, एका दुकानात पांढऱ्या मॅटीचा तागा पाहिला, हाताला तो छान कडक लागला, घासाघीस करून दोन वार कापड स्वस्तात आणले आणि विजयी मुद्रेने भगिनींच्या हवाली केले. तो कडकपणा खळीचा होता, हे आम्हांला समजले नाही.

रिवाजाप्रमाणे काम मध्यापासून सुरू झाले. या चित्राचा मध्य म्हणजे प्रभूचा चेहरा. दुपारची भांडी आवरली की दोघी-दोघी चौकटीशी बसत. सात महिन्यांत सुमारे चोवीस हजार फुल्या भरून झाल्या. प्रभूचे मस्तक, खांदे, पसरलेले दोन्ही हात आणि मेजाचा तुकडा आकारास आला. एके दिवशी गावातील एक निवृत्त चित्रकला-शिक्षक सभागृहात आले. त्यांनी मान तिरपी करून बराच वेळ पाहिले आणि म्हटले, "फादर, चेहरा ओढल्यासारखा झाला आहे. नमुन्यात असा नाही."

भगिनींपैकी सर्वांत वडीलधाऱ्या बाईंना सारे गाव मावशी म्हणते. त्या काही न बोलता उठल्या, मोजपट्टी घेऊन आल्या आणि कोऱ्या कापडावर टाचण्या टोचून शंभर घरे त्यांनी आडवी मोजली. ती सात इंचांहून किंचित अधिक भरली. मग शंभर घरे उभी मोजली. ती आठ इंच भरली. आडव्या दिशेने इंचात चौदा घरे आणि उभ्या दिशेने साडेबाराच. म्हणजे चित्राची उंची शंभरास बारा या प्रमाणात वाढत होती. कापड फिरवून घेतले असते, तर प्रेषित बुटके आणि रुंद झाले असते, एवढाच फरक.

मावशींचा हात ज्या सफाईने चालला, त्यावरून ही मोजणी पहिली नव्हे हे आमच्या ध्यानात आले. आम्ही विचारले, "मावशी, तुम्हांला हे ठाऊक होते?"

"दहाव्या दिवशी मोजले होते, फादर."

"मग सांगितले का नाही?"

त्यांनी टाचण्या एकेक करून काढल्या. "कापड तुम्ही आणले होते," त्या म्हणाल्या.

या तीन-चार शब्दांनी आम्हांला जेवढे खजील केले, तेवढे कोणत्याही टीकेने आजवर केलेले नाही. त्यांच्या शब्दांत राग नव्हता. ज्यांना खरोखर कळत होते त्यांना आम्ही विचारले नव्हते, आणि आम्ही न विचारल्यामुळे सांगण्याचा धीर त्यांना झाला नव्हता. आमच्याविषयीच्या आदरापायी पाच संसारी स्त्रियांच्या सात महिन्यांच्या दुपारी खर्ची पडल्या.

आईच्या रुमालांना हा दोष कधी का भोवला नाही, याचाही उलगडा त्या दिवशी झाला. तीस घरांचा गुलाब शंभरास बारा या प्रमाणात लांबला, तरी तो गुलाबच राहतो. पोपटाची चोच किंचित वाढली म्हणून कोणी तक्रार करीत नाही. परंतु मानवी चेहऱ्यात तेवढा फरकही डोळ्यांस खटकतो, आणि काम जितके मोठे तितकी चूक साठत जाते.

मूळ चित्राची कथाही काहीशी अशीच आहे. लिओनार्दो दा विंची यांनी ते सुमारे १४९५ ते १४९८ या काळात मिलान येथे, सांता मारिया देल्ले ग्राझिए या चर्चच्या मठातील भोजनगृहाच्या भिंतीवर रंगविले. लांबी सुमारे ८८० सेंटिमीटर, उंची ४६०. भित्तिचित्र टिकावे म्हणून ओल्या गिलाव्यावर झटपट रंगविण्याची रीत होती. लिओनार्दोंना सावकाश, पुन्हा पुन्हा हात फिरवून काम करावयाचे होते. म्हणून त्यांनी कोरड्या भिंतीवर निराळे अस्तर देऊन रंग लाविले. रंग धरून ठेवण्यास तो पाया समर्थ ठरला नाही. चित्रकार हयात असतानाच रंगांचे पापुद्रे सुटू लागले. विसाव्या शतकातील अखेरच्या जीर्णोद्धाराला वीस वर्षांहून अधिक काळ लागला. तो १९९९ साली पूर्ण झाला. हात लिओनार्दोंचा असला, तरी पाया चुकला की असे होते.

पुढच्या बैठकीत आम्ही पाचही जणींची क्षमा मागितली आणि कोपऱ्यातील खुर्चीवर जाऊन बसलो. त्या दिवशी मावशी बोलल्या आणि आम्ही लिहून घेतले. धाकट्या भगिनीने सारे उसवून दोरा वाचविण्याची तयारी दाखविली. परंतु उसवलेल्या दोऱ्याचे तंतू फुलतात, तो पुन्हा चांगला बसत नाही, असे सांगून मावशींनी तिला थांबविले.

मग कापडाचा विचार झाला. इंचात अकरा घरे असलेले कापड डोळ्यांना सोपे आणि चित्र अडतीस इंच लांब होते. पण चेहरे पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. अठरा घरांच्या कापडावर चेहरे रेखीव येतात. पण चित्र तेवीस इंचांवर येते, सभागृहाच्या मागच्या बाकावरून ते कोणास दिसणार? चौदा घरांचे माप मध्यम, चित्र तीस इंच लांब आणि पावणेसोळा इंच उंच होते. तेव्हा माप चौदाचे ठरले. मात्र घरे विणलेल्या आयडाऐवजी मावशींनी इंचात अठ्ठावीस धागे असलेले समान विणीचे सुती कापड मागितले. त्यावर दोन-दोन धाग्यांवरून फुली घातली की चौदाचेच माप पडते. शिवाय ओठाच्या किंवा पापणीच्या कडेला पाव किंवा पाऊण फुली घालावयाची असेल, तर घराच्या मध्यावर तयार छिद्र सापडते; आयडावर ते सुईने फोडावे लागते. रंग पांढरा न घेता फिकट तपकिरी घेतला. कारण या चित्रात गडद छटा फार, आणि पांढरे कापड फुल्यांच्या फटींतून डोकावते. चहूबाजूंनी तीन-तीन इंच मोकळे सोडले. या वेळी कापड मुंबईहून मावशींनीच निवडून आणले, आणि दुकानातच शंभर घरांचे माप दोन्ही दिशांनी घेतल्यावाचून पैसे दिले नाहीत.

टाक्याचेही नियम ठरले. एकटीच्या कामात ओळीभर अर्ध्या फुल्या घालीत जावे आणि परतताना त्या पुऱ्या कराव्यात, हे सोयीचे असते. पण एका कापडावर पाच जणींचे हात फिरणार असतील, तर प्रत्येक फुली तेथल्या तेथे पुरी केलेली बरी, म्हणजे अर्धे काम दुसरीच्या माथी राहत नाही. फुलीचा वरचा टाका सर्वांचा एकाच दिशेने पडला पाहिजे. एकीचा उजवीकडे आणि दुसरीचा डावीकडे झुकला, तर उजेड निरनिराळा पडून अंगरख्यावर डाग असल्यासारखे दिसते. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल. म्हणून आपापल्या भागाची सीमा सरळ रेषेत ठेवावयाची नाही, ती दातेरी सोडावयाची, म्हणजे जोड लपतो. प्रभूच्या पाठीमागील तीन खिडक्यांतून दिसणारे आकाश व डोंगर केवळ अर्ध्या फुलीने, एकपदरी दोऱ्याने भरले. त्यामुळे दूरत्वाचा भास होतो. इतरत्र सहापदरी दोऱ्यातील दोन पदर.

बारीकसारीक पथ्येही सांगून ठेवतो. दर दहा घरांवर वेगळ्या रंगाचा धावदोरा घालून जाळे आखून घ्यावे. मोजणी चुकली तर दहा घरांच्या आतच सापडते. सुई बोथट टोकाची, चोवीस किंवा सव्वीस नंबरची. दोरा हातभर, अधिक लांब घेतल्यास तो पिंजतो. गाठ कधीही मारू नये; इंचभर शेपूट मागे धरून ते पुढील टाक्यांखाली दाबावे. एका रंगाच्या सर्व लड्या एकदमच घ्याव्यात, कारण पुढच्या खेपेस छटा किंचित बदललेली निघते. लाल दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून आधी पारखावा. गोल रिंगेने भरलेल्या फुल्या चेपतात; मोठ्या कामास गुंडाळता येणारी लाकडी चौकटच हवी.

शताब्दीच्या दिवशी सभागृहाची भिंत रिकामी राहिली. मिस्सानंतर आम्ही धर्मग्रामस्थांना त्याचे कारण सांगितले आणि चूक कोणाची तेही सांगितले. पहिले अपुरे काम तेव्हापासून आमच्या मेजासमोर आहे.

नव्या कापडावरील काम आता दोन तृतीयांश झाले आहे. मध्यंतरी मावशींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून त्या सुई कमी धरतात आणि महाविद्यालयात जाणाऱ्या एका मुलीशेजारी बसून घरे मोजून देतात. यूदासाची आकृती भरण्यास मात्र कोणी तयार होईना. मुठीत पैशांची थैली आवळून बसलेल्या त्या शिष्याकडे आळीपाळीने पाहून प्रत्येकीने आपली सुई दुसरीकडे वळविली. शेवटी मावशींनीच चष्मा पुसला आणि ती जागा आपल्याकडे घेतली. आम्ही जवळच उभे होतो.

"त्याचाही चेहरा मापात यायला हवा, फादर," त्या म्हणाल्या, आणि आमच्याकडे वळून त्यांनी पुढे विचारले, "का, काही चुकते आहे का?"

आम्ही म्हटले, "मावशी, ते तुम्ही सांगावयाचे."