पंधरा शब्दांची यादी

मला लहानपणापासून फिट येतात. औषधं बदलून झाली, डोस वाढवून झाले, शेवटी शस्त्रक्रियेचा विषय निघाला. एमआरआयमध्ये डाव्या टेम्पोरल लोबच्या आत, हिप्पोकॅम्पसवर जुना व्रण दिसला होता. व्हिडिओ ईईजीनेही तीच बाजू दाखवली. तो भाग काढायचा तर तो आज किती काम करतोय हे आधी मोजायला हवं, म्हणून डॉक्टरांनी न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट लिहून दिली. आई लगेच म्हणाली, "हिचं डोकं ठिकाणावर आहे हो, डॉक्टर." तिला वाटलं, वेड लागलंय का ते बघायला पाठवतायत.

तारीख देतानाच सांगितलं होतं : गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या, पोटभर खाऊन या, चष्मा विसरू नका, आणि आदल्या दिवशी फिट आली तर फोन करा. फिटनंतर डोकं जड असतं, तेव्हाचे मार्क धरता येत नाहीत, म्हणून तारीख पुढे ढकलतात.

खोलीत वायर नाही, मशीन नाही. टेबल, पेन्सिल, कागद आणि स्टॉपवॉच. चाचणी घेणाऱ्या मॅडमनी आधी आईशी बोलून घेतलं. निरोप विसरते का, सामान कुठे ठेवलं ते आठवतं का, फिटच्या वेळी काय करते. हे आईलाच माहीत, कारण त्या वेळी मी नसतेच म्हणा ना. मग तिला बाहेर बसवलं. बरंच झालं, नाहीतर तिने मला उत्तरं पुरवली असती.

सुरुवात गमतीची होती. काडी कुठल्या हाताने पेटवता, कात्री कुठल्या हातात धरता? भाषा मेंदूच्या कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज त्यावरून बांधतात. मग आकडे : ऐकले तसे म्हणायचे, नंतर उलटे. मी पतसंस्थेत कॅशला बसते, आकड्यांची मला भीती नाही. रंगीत गोल क्रमाने जोडायचे, एकेका बोटाने टकटक करायचं. एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगायची होती. गाय, म्हैस, शेळी करत गोठा संपवला, जंगलात शिरले, वाघ-सिंह झाले, हत्ती झाला आणि पुढे सगळं कोरं. घड्याळ आपलं चालूच. उंदीर-मांजर घरचे असून सुचले नाहीत.

खरी कसोटी शब्दांची. पंधरा साधे शब्द मॅडम वाचतात, आठवतील तेवढे आपण सांगायचे. तीच यादी पुन्हा, असं पाच वेळा. मध्येच वेगळी यादी येते, मग परत पहिली विचारतात. (शब्द इथे लिहीत नाही; वाचून गेलात तर तुमचीच चाचणी वाया जाईल.) एक किचकट आकृतीही बघून काढायला दिली. चौकोन, तिरक्या रेघा, वर त्रिकोण. ती पुन्हा काढावी लागेल हे कुणी सांगत नाही. अर्ध्या तासाने दोन्ही विचारलं. आकृती बऱ्यापैकी उतरली. शब्द मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातला एक तर दुसऱ्याच यादीतला. मॅडम फक्त "बरं" म्हणाल्या. चुकलं तरी "बरं", बरोबर आलं तरी "बरं". त्यावरून काही ओळखायला जाऊ नका, त्यांना तसंच शिकवलेलं असतं.

मध्ये चहाची सुट्टी झाली. नंतर झोप, उदासपणा, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, असेही प्रश्न आले. खरं सांगावं. उदास माणसाचंही लक्ष लागत नाही, आणि ते विसरण्याच्या खात्यावर जमा व्हायला नको. गोळ्यांची नावंही नीट विचारली, कारण टोपिरामेटसारख्या गोळीनेही बोलताना शब्द अडतात. सकाळी गेलेली मी दुपारी बाहेर आले तेव्हा डोकं पार पिळून निघालं होतं.

रिपोर्ट काही दिवसांनी मिळाला. माझ्या वयाच्या आणि शिक्षणाच्या लोकांशी तुलना करून त्यात लिहिलं होतं : शब्दांची स्मृती कमी, आकृतीची चांगली. माझा चेहरा पडला. मॅडम म्हणाल्या, "ताई, हे तुमच्या बाजूनेच आहे." शब्द लक्षात ठेवणारा डावा हिप्पोकॅम्पस आधीच फारसं काम करत नसेल, तर तो काढल्यावर गमावण्यासारखं थोडंच उरतं. उलट शब्द भराभर आठवले असते तर धोका जास्त. त्यांनीच हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाचं सांगितलं. 1953 साली फिट थांबवायला त्याच्या दोन्ही बाजूंचा हा भाग काढला. फिट कमी झाल्या, पण नवीन काही लक्षात राहीना. त्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांना पुढे कितीतरी वर्षं तो दर वेळी नव्यानेच भेटायचा. आता दोन्ही बाजू काढत नाहीत, आणि दुसरी बाजू धड आहे ना, हे आधी बघतात. माझी आकृती उतरली त्याचं मोल मला तेव्हा कळलं.

तेव्हा मार्क वाढवायला मोबाइलवर स्मरणशक्तीचे खेळ खेळून जाऊ नका. खोटे चांगले मार्क आले तर त्यावरून सर्जनचा अंदाज चुकेल. झोप काढून जा, आणि सोबत तुम्हाला रोज बघणारं माणूस न्या. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी हीच चाचणी पुन्हा असते, तेव्हा शब्दांची यादी वेगळी देतात.